अष्टमीच्या दुपारी उतरलेलं यान

माझ्या सासूबाईंनी परग्रहावरच्या माणसांवर अर्ध्या मिनिटात विश्वास ठेवला. तीन डोळ्यांची, निळसर कातडीची माणसं यान घेऊन डहाणूच्या खाडीत उतरली, याबद्दल त्यांची काहीही तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्या दिवशीच्या पाण्याबद्दल.

"अष्टमीला दुपारी बारा वाजता भरती?" त्या म्हणाल्या. "कोन लिहितं हे?"

मी लिहिलं होतं. पण ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि पुढे जवळजवळ वर्षभर मी ते ठाऊक होऊ दिलं नाही.

मी मूळची सरावलीची. माहेरी चिकूची बाग आणि थोडी वांगी-मिरची. आमच्याकडे पाणी म्हणजे बटण दाबलं की येणारी वस्तू, वीज असली तर. लग्न करून धाकटी डहाणूला आले तेव्हा मी फारशी लांब आले नव्हते, पण सासूबाईंच्या लेखी मी परमुलखातून आले होते. मासे मला खाता येत, साफही करता येत. पण पाणी कधी चढतं, कधी उतरतं, यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच महिन्यात मी खाडीच्या खालच्या पायरीवर तीन पातेली घासायला ठेवली आणि राख आणायला घरात गेले. परत आले तोवर पायरीच नव्हती, पातेली तर दूरच. त्या दिवसापासून मी घरात आणि शेजारीपाजारी 'बागेतली' झाले. लग्नाला सात वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नाही. सासूबाई मला कधी वाईट वागवत नव्हत्या. पाहुण्याला जसं वागवतात तसं वागवत होत्या, आणि तेच मला झोंबत होतं.

सासरे मी यायच्या आधीच गेले होते. नवरा बोटीवर, आठवड्यातले चार-पाच दिवस पाण्यावर आणि उरलेले झोपेत. म्हणजे घरात मी आणि त्या. त्या सकाळी डहाणूच्या बाजारात मासळी विकायच्या. गिऱ्हाइकाशी मराठीत सुरुवात करून, गुजरातीत घासाघीस करून, हिंदीत पिशवी बांधून द्यायच्या. मी तलासरीला एका कचेरीत कारकून. जायला एसटीत तास-सव्वा तास, यायला तेवढाच.

त्या एसटीत मी गोष्टी ऐकायला लागले. पुण्याची एक बाई ऑनलाइन मराठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा देते. वाचायलाही असतात आणि तिच्या आवाजात ऐकायलाही. शेवटी श्रोत्यांना आवाजी निरोप पाठवायला ती नंबरही सांगते. दहा-बारा मिनिटांची एक. डहाणूहून निघाले की तलासरी येईपर्यंत चार-पाच व्हायच्या. एकदा एक इतकी भिकार गोष्ट लागली की माझं डोकंच फिरलं. त्यात एक यंत्रमानव शेवटपर्यंत नुसता उसासे टाकत होता. असलं तर मीसुद्धा लिहीन, असं मी रागारागात मोबाइलवर टाइप करायला घेतलं. रागाच्या भरात माणसं भांडतात, मी लेखिका झाले.

गोष्ट मी टोपणनावाने पाठवली. सगळा व्यवहार मेलवर, फोन नाही, काही नाही. कचेरीत कळलं असतं तर 'मॅडमना बराच मोकळा वेळ दिसतोय' असं चहाच्या टपरीवर बोललं गेलं असतं. पण खरी भीती घरची होती. त्या घरात माझ्या खात्यावर आधीच तीन पातेली होती. हसण्यासाठी आणखी काही पुरवायची माझी तयारी नव्हती.

गोष्ट आली ती हिवाळ्यातल्या एका रविवारी, बोंबील वाळवायच्या ऐन दिवसांत. खाडीकाठच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. सासूबाई आणि शेजारच्या चार-पाच बायका हे काम न बघता करतात. त्यांच्या दहा जोड्या होतात तेव्हा माझ्या दोन होतात, आणि त्यातली एक सुटून खाली पडते.

सासूबाईंचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांबूला टांगलेला. भजन चालू होतं. ते संपलं आणि पुढचं काहीतरी आपोआप सुरू झालं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत ओले, त्यामुळे कोणी बंद करायला गेलं नाही. आणि पुण्याच्या बाईच्या त्या मधाळ आवाजात मला माझंच वाक्य ऐकू आलं: "अष्टमीची दुपार होती. डहाणूच्या खाडीला भर भरती आली होती."

माझ्या हातातली जोडी पडली. पण ती तशीही पडतेच, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

अष्टमी मी का लिहिली होती? कानाला बरी वाटली म्हणून. अमावास्या भुतांनी घेतलेली, पौर्णिमा प्रेमिकांनी घेतलेली. परग्रहवासीयांना म्हणून अष्टमी दिली. तिचा पाण्याशी काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"अष्टमीला भांगाचं पाणी," सासूबाई बाकीच्यांना म्हणाल्या, "म्हनजे आधीच जोर नाय. त्यात बारा वाजता ओहोटी. यान गाळात रुतलं असतं. ते तिघं गुडघाभर चिखलात उभे राहून कसला संदेश देतात?"

"हवेतच राहिलं असंल," एक शेजारीण म्हणाली.

"मग 'पाण्याला अलगद टेकलं' असं का बोलली?"

दुसरीने यानाला खालून लाकडी तळ असेल का, अशी शंका काढली. तिसरी म्हणाली की एवढ्या लांबून येणाऱ्याने आधी पाणी विचारून यायला हवं होतं. मी आजवर साहित्यावरच्या पुष्कळ चर्चा ऐकल्या आहेत, पण इतक्या गांभीर्याने झालेली एकही आठवत नाही.

"आई, गोष्टच आहे ती," मी चाचरत म्हटलं.

"गोष्ट हाय म्हनून पानी बदलेल काय?" त्या म्हणाल्या, आणि निकाल दिला, "ही बाई खाडीवरची नाय."

मला राग आला. इतका आला की त्यानंतर दोन जोड्या मी एका दमात बरोबर अडकवल्या. पण एक गोष्ट मी पाहिली. ती कथा संपल्यावर सासूबाईंनी पदराला हात पुसले, पिशवी उघडली आणि कथा पहिल्यापासून परत लावली.

चार दिवसांनी पुण्याहून मेल आला. तुमच्या कथेला श्रोत्यांचा छान प्रतिसाद आहे, डहाणूच्याच एका बाईंनी आवाजी निरोप पाठवलाय, सोबत जोडते आहे. मी तलासरीच्या स्टँडवर, वडापाव एका हातात धरून, तो निरोप लावला. पहिल्या 'हॅलो'लाच मी आवाज ओळखला.

सासूबाईंना टाइप करता येत नाही, पण आवाजी निरोपात त्यांचा हात कोणी धरणार नाही. बाजारातल्या बायकांचा निम्मा धंदा त्यावर चालतो: भाव काय, बर्फ आला का, पापलेट कोणासाठी ठेवायचं. त्याच आवाजात त्यांनी लेखिकेला फैलावर घेतलं होतं. अष्टमी, भांग, ओहोटी, गाळ, 'ही बाई खाडीवरची नाय', सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "राग नको मानू, बाय. तुला म्हाईत नसंल. तुझ्यासारखीच एक माझ्या घरात हाय. सून. बागेतली हाय, तिला पण पान्याचं काय कळत नाय. पण ती निदान गोष्टी तरी लिहीत नाय."

मी उरलेला वडापाव कागदात परत गुंडाळला.

मी उत्तर लिहिलं, आणि आता वाचताना लाज वाटते इतक्या तोऱ्यात लिहिलं. कल्पित साहित्यातील खाडी ही भूगोलातील खाडी नसून ती लेखकाच्या मनातील खाडी असते, असं काहीतरी. पुण्याच्या बाईला ते इतकं आवडलं की पुढच्या गोष्टीच्या सुरुवातीला तिने डहाणूच्या श्रोत्यांची तक्रार आणि लेखिकेचं उत्तर, दोन्ही वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात मी भाकरी थापत होते आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई ते ऐकत होत्या.

"मनातली खाडी?" त्या म्हणाल्या. "मग डहाणूचं नाव कशाला घेतलं? मनाचं नाव घ्यायचं!"

भाकरी करपली. "लक्ष कुठं हाय तुझं?" त्यांनी विचारलं.

लक्ष कुठे होतं ते मी सांगू शकत नव्हते. एका घरातल्या दोन बायका, मध्ये ओट्याची पाच फुटं, आणि आमचं भांडण पुण्यावरून फिरून येत होतं. समोरासमोर आम्ही मीठ आहे का, गॅस संपला का, एवढंच बोलत होतो.

दुसऱ्या गोष्टीत मी शहाणपणा करून पाणीच घेतलं नाही. परग्रहवासी थेट डहाणूच्या बाजारात आणला. निरोप आला: "दुसऱ्या ग्रहावरचा मानूस बाजारात येतो आनि एवढं शुद्ध बोलतो? शाळामास्तर होता काय? इथं आला तर त्याला पयली गुजराती यायला पायजे, नायतर भाव कसा करनार?"

तिसऱ्या गोष्टीत मी चंद्र चोरला. एका दूरच्या संस्कृतीला उजेडासाठी चंद्र हवा असतो, ती तो उचलून नेते, आणि खाडीकाठचं एक गाव अंधारात राहतं. गोष्ट हळवी होती. शेवटी गावकरी आठवड्याने एकत्र बसून बोंबलाचं कालवण खातात आणि चंद्राची आठवण काढतात. लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले होते, म्हणजे ती सपशेल चुकलेली असणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सासूबाईंचा निरोप यावेळी तीन मिनिटांचा होता. "चंद्र गेला तर पानी चढनार नाय, उतरनार नाय. पान्याला ओढ नाय तर डोलजाळं फुगनार कसं? डोल नाय फुगली तर बोंबील कुठून आले? आठ दिवस झाले चंद्र जाऊन आनि ही मानसं ताजे बोंबील खातात! सुके असं तरी लिहायचं. आनि चंद्र नाय तर तिथी नाय. मग माझी एकादशी कधी?"

मी एसटीत ते तीनदा ऐकलं. राग यायला हवा होता, तो आला नाही. कारण खरं सांगायचं तर त्यांची गोष्ट माझ्या गोष्टीपेक्षा चांगली होती. मी फक्त उजेड चोरला होता. त्यांनी दोन वाक्यांत अख्खं गाव उपाशी ठेवलं होतं, आणि वर उपवासाचीही सोय काढून घेतली होती.

त्या दिवशी मी ठरवलं, शिकायचं.

"आई, ती भरती-ओहोटी कशी मोजतात हो?" जेवताना मी विचारलं.

"तुला कशाला?"

"कचेरीत एकीला हवंय."

"तलासरीत समुद्र कधी आला?"

पण त्या सांगायला बसल्या. त्यांनी माझा हात ओढून घेतला. सात वर्षांत पहिल्यांदाच, हळदी-कुंकू सोडलं तर. बोटावरची पेरं दाखवली. अमावास्येला आणि पुनवेला बारा वाजता भरती धरायची. तिथून पुढे एक तिथी म्हणजे एक पेर. चार पेरं म्हणजे तीन तास.

"अष्टमी म्हनजे?"

"आठ पेरं. सहा तास. म्हणजे... सहा वाजता भरती. सकाळी आणि संध्याकाळी."

"मग दुपारी बाराला?"

"ओहोटी," मी खाली मान घालून म्हटलं.

"बघ. तुला पन कळलं. त्या लेखिकेला कळत नाय," त्या म्हणाल्या आणि समाधानाने भाताचा घास घेतला.

एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. येत्या अष्टमीला त्या मला दुपारी खाडीत घेऊन गेल्या, ओहोटी दाखवायला. पाय टाकायची जागा त्या दाखवत होत्या आणि मी बघत होते भलतीकडेच, कारण माझ्या डोक्यात यान होतं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डावा टाकला, तोही गेला. चप्पल तर जी गेली ती गेलीच. सासूबाई आणि दोन शेजारणींनी मला काखेत धरून उपसून काढलं. काठावर आल्यावर मी अंगभर चिखलात बसले होते आणि सासूबाई कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"यान अस्संच रुतलं असतं," त्या म्हणाल्या. पुराव्याने सिद्ध झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मग मी विचारतच गेले. उधाण किती दिवस टिकतं, वारा फिरला की पाण्याचा रंग कसा होतो, होडी कुठून आत घ्यायची. प्रत्येक वेळी तलासरीच्या त्या काल्पनिक सहकारिणीचं नाव पुढे करत होते. सासूबाई सांगत होत्या, ओरडत होत्या, परत सांगत होत्या. चौथ्या गोष्टीवर त्यांचा निरोप आला: "आता जरा बरी लिहिते. कोनीतरी हिला सांगितलेलं दिसतं." मी तो निरोप मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. अजून आहे.

आता मला दुहेरी भीती वाटायला लागली. त्यांना कळलं तर त्या फसवलं म्हणतील, हे एक. आणि दुसरी भीती जास्त खोल होती. त्या लेखिकेशी त्या जितक्या मोकळेपणाने बोलत होत्या, भांडत होत्या, तितक्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. ती लेखिका म्हणजे मीच निघाले तर त्यांची बोलायची जागाच जाणार. त्यांच्या लेखी मी परत पाहुणी होणार.

पाचवी गोष्ट अडली. मी पहिलीच गोष्ट दुरुस्त करायला घेतली होती: अष्टमीच्या दुपारी, ओहोटीला, यान खाडीत उतरतं आणि गाळात रुतून बसतं. परग्रहवासीयांच्या यंत्रांना काही कळत नाही, कारण त्यांच्याकडे दोन चंद्र आहेत आणि यंत्रांची सवय तिकडची आहे. काठावर एक म्हातारी मासळीवाली बोंबील वाळत घालते आहे. ती बोटाची पेरं मोजून त्यांना सांगते, संध्याकाळी सहाला भरती, तेव्हा सुटाल. मी इथवर आले आणि थांबले. भांगाच्या पाण्याला जोर नसतो हे आता मला ठाऊक होतं. मग इतकं जड यान त्या पाण्यावर सुटेल का?

सासूबाईंना विचारायची सोय उरली नव्हती. आदल्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे रोखून बघत विचारलं होतं, "तलासरीच्या त्या बाईला आता होडी पन घ्यायची हाय काय?" म्हणून मी पुण्याला लिहिलं, गोष्ट अडली आहे, उशीर होईल. पुण्याच्या बाईने उत्साहाने ऑनलाइन जाहीर करून टाकलं: आमच्या लेखिकेला भरती-ओहोटीची माहिती हवी आहे, भांगाला गाळात रुतलेली जड होडी कधी सुटते? जाणकारांनी कळवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीत तिचा मेल आला. डहाणूच्या बाईंचं उत्तर आलं आहे, आणि त्यांनी तिथल्या एका जाणकाराचा नंबर दिला आहे, कृपया संपर्क साधा. मी इयरफोन लावला.

"भांगाला नाय सुटनार. पुनवेच्या उधानापर्यंत थांबायचं, मग आपोआप सुटेल, ढकलायला पन नको," सासूबाई सांगत होत्या. मागे बाजाराचा कालवा होता. "बाकी सगळं मला सांगायला टायम नाय, माझा बाजार असतो. माझ्या सुनेला विचार. तिला सगळं समजतं आता. मी शिकवलंय. शिकलेली हाय, तुला नीट सांगेल. नंबर लिहून घे."

आणि त्यांनी माझा नंबर सांगितला. दोनदा. एकेक आकडा सावकाश.

मी एसटीत रडले. हुंदके देऊन रडले. शेजारी बसलेल्या बाईने घाबरून विचारलं, "कोन वारलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "सासूबाईंनी माझा नंबर दिला."

त्या बाई थोड्या पलीकडे सरकून बसल्या.

घरी गेले तर सासूबाई दारातच. "एका बाईचा फोन येईल तुला. गोष्टी लिहिते. नीट सांग तिला, घाई करू नको. आला का?"

"नाही अजून."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आला का फोन?" तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी त्या भडकल्या. "एवढी मिजास? मानसानं नंबर दिला तर फोन करायला काय जातं?" आणि त्यांनी माझ्यासमोर पुण्याला निरोप ठेवला की लेखिकेला गरज नसेल तर आमच्या पोरीचंही काही अडून बसलेलं नाही. 'आमच्या पोरीचं' असं त्या म्हणाल्या. मी पाठ फिरवून भांडी आवरत राहिले.

फोन आला असं खोटं सांगणं सोपं होतं. मी दोनदा तोंड उघडलंही. पण ज्या बाईने एकेक आकडा सावकाश सांगितला होता तिला आणखी एक थाप मारायला माझी जीभ वळेना. आणि खरं समोर उभं राहून सांगायची हिंमतही नव्हती. म्हणून मी त्यातल्या त्यात भित्रा मार्ग काढला. गोष्ट पूर्ण केली, यान पौर्णिमेपर्यंत डहाणूत ठेवलं, त्या सात दिवसांत म्हातारीने त्या तिघांना बोंबील अडकवायला शिकवलं, आणि पुण्याला लिहिलं: यावेळी टोपणनाव नको. माझं खरं नाव घ्या, सासरच्या आडनावासकट, आणि पुढे 'धाकटी डहाणू' असं म्हणा.

पुन्हा रविवार होता, पुन्हा हिवाळा, पुन्हा ओले बोंबील. पिशवीतला मोबाइल बांबूला टांगलेला. गोष्ट सुरू झाली. यान रुतलं तेव्हा सासूबाईंनी "हां" असं म्हटलं. म्हातारीने पेरं मोजली तेव्हा शेजारणींचे हात थांबले. उधाणाच्या पाण्यावर यान सुटलं तेव्हा एकीने "चला, सुटले बिचारे," म्हणून सुस्कारा टाकला. आणि मग पुण्याच्या बाईने नाव घेतलं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, त्यांचं आडनाव. धाकटी डहाणू.

शेजारणी आळीपाळीने माझ्याकडे आणि सासूबाईंकडे बघत होत्या. सासूबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी एक जोडी दोरीवर टाकली, मग दुसरी. मी अकरा मोजल्या. बाराव्या जोडीला मला राहवेना. मी हात तसेच ओले घेऊन घरात पळाले आणि माडीवर जाऊन दार लावून बसले.

वर बसून मी सगळं आठवून बघितलं: करपलेली भाकरी, तलासरीची खोटी सहकारीण, वर्षभर चोरून ऐकलेले निरोप. माझ्या जागी कोणीही असतं तरी चिडलं असतं. अंगाला बोंबलाचा वास येत होता.

अर्ध्या तासाने मोबाइल वाजला. पुण्याचा मेल. सोबत आवाजी निरोप.

"हॅलो. ती मी बोललेली ना, ही बाई खाडीवरची नाय, ते खोडून टाक. खाडीवरची हाय. माझ्या घरची हाय. पेरं बरोबर मोजली, पुनवेपर्यंत थांबवलं ते पन बरोबर. चूक एकच हाय. म्हातारीला सत्तर वर्षांची केलीय. मी बासष्टची हाय. ते दुरुस्त करायला सांग तिला." मग मध्येच कोणाला तरी दोरी ताणायला सांगून त्या पुढे बोलल्या. "आनि तिला सांग, माडीवर दार लावून काय बसलीय? खाली ये म्हनावं. अर्धी टोपली ओली पडलीय आनि ऊन चाललंय."

निरोपाखाली पुण्याच्या बाईने एक ओळ लिहिली होती: 'या बाईंना आपण ओळखता का?'

मी 'हो' एवढंच लिहिलं आणि खाली गेले. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता टोपली आमच्या दोघींच्या मध्ये सरकवली. मी दोन बोंबील उचलले, जबड्यात जबडा अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. ती पडली.

"बासष्ट," सासूबाई म्हणाल्या, आणि ती जोडी उचलून माझ्या हातात परत दिली.